दोघांची तपासणी

ती शिलाईच्या कारखान्यात कामाला होती. बाळंतपणानंतर कंबरदुखीसाठी सुरू केलेल्या गोळ्यांनी तिला पुरतं गिळलं. पहिल्या व्यसनमुक्ती केंद्रात सांगितलं, "मुलीला घरी ठेवून या." ती तिथून तडक निघाली आणि तिने लेकरासकट ठेवून घेणारं, फक्त बायकांचं केंद्र शोधून काढलं. त्याला आता चौदा महिने झाले होते आणि तिने एकाही गोळीला हात लावला नव्हता.

तरी नवऱ्याने मुलीच्या ताब्यासाठी अर्ज केलाच. बालकल्याण कार्यालयात त्याच्या शेजारी बसलेल्या सासूबाई अधिकारी बाईंना म्हणाल्या, "नशा करणारीच्या हाती पोर कशी सोपवायची?"

तिने चौदा रिपोर्ट टेबलावर मांडले. "मॅडम, माझी तपासणी दर महिन्याला होते. मुलगी मागणाऱ्याचीही एकदा होऊ दे. आजच."

"अगं, पुरुषमाणूस दमून येतो, दोन घोट घेतो," सासूबाई फणकारल्या. "त्याला कुणी व्यसन म्हणतं का?"

मॅडमनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग शेजारच्या दवाखान्यातून लघवीच्या नमुन्याची बाटली मागवून त्यांच्या लेकाच्या हातात दिली. तो बाटली घेऊन बाहेर गेला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मुलगी आईच्या मांडीवर झोपून गेली.

शेवटी शिपाई आत आला.

"मॅडम, ते अर्ज मागे घेतो म्हणाले आणि गेले. आईंना बसने घरी यायला सांगितलंय."