हळदीतला ठिपका

"मनगटाला हळद लागू देऊ नका," असं सिस्टरने बजावलं, तेव्हा केतकीने "हो हो" म्हणून सोडून दिलं होतं. तिच्या लेकाला, छोट्या ओजसला, नवी किडनी बसवताना त्याच्या मनगटात, कातडीखाली, एक पांढरा ठिपका पेरला होता. रक्तात विषाणू वाढला की तो पिवळा पडायचा.

मग नणंदेच्या हळदीत सगळ्यांनी पोराला कोपरापर्यंत माखलं. लग्न आटोपलं आणि ओजस मलूल झाला.

"आई, ठिपका पिवळा दिसतोय," केतकी सासूबाईंना म्हणाली.

"अगं, हळद आहे ती! शुभकार्यात कसल्या मेल्या शंका?" सासूबाई म्हणाल्या.

शेवटी केतकीने चिडून त्याच्या हाताला साबण फासला. हळद लालभडक झाली. ठिपका पिवळाच राहिला.

आता ओजस आयसीयूच्या काचेपलीकडे आहे, आणि किडनी वाचेल की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत.

"पिवळाच रंग सापडला? बनवणाऱ्यांच्या घरी लग्नं होत नाहीत?" केतकी कडाडली.

"म्हणूनच तर सांगितलं होतं, ताई," सिस्टर हळूच म्हणाली.

केतकीने दात आवळून फोन काढला आणि दिसेल त्या ग्रुपवर लिहिलं: "ठिपकेवालं कुणी तुमच्या ओळखीत असेल आणि नुकतंच लग्नाहून आलं असेल, तर फोटो मागवत बसू नका. साबण घेऊन जा, मनगट घासा आणि स्वतः बघा. आत्ता."