खालचा कोपरा

"अगं, जरा लांबून बघ की. इतकं नाक लावून कोण बघतं फोटो?" छायाचित्रकार बायकोला म्हणाला. पण ती शिवणकाम करणारी बाई. वस्तू डोळ्यांजवळ धरल्याशिवाय तिचं समाधानच होत नसे.

प्रदर्शनाच्या दालनात, दारासमोरच, त्याचा पहिल्या क्रमांकाचा फोटो लावला होता. चांगला पुरुषभर उंच. पाणथळीच्या काठी उभी असलेली रानमांजर. लांब पाय, आखूड शेपटीवर काळी वलयं, कानांच्या टोकांना काळ्या केसांचे झुबके. अंगाचा रंग असा, की वाळल्या गवतात बसली तर शेजारून जाणाऱ्यालाही पत्ता लागू नये. तिच्या पायांमागे दोन पिल्लं होती आणि ती स्वतः थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होती. सकाळपासून लोक त्या नजरेचंच कौतुक करत होते.

बायको मात्र खाली वाकली होती.

"हे गवत कुणी कापलं रे?"

"कापतंय कोण तिथं? गुरं चरली असतील."

"गुरं ओढून खातात, टोकं फाटतात. हे बघ, सगळे देठ तिरके, एका दमात कापलेले." काचेवरून फिरणारं तिचं बोट खालच्या कोपऱ्यात, गवतातून डोकावणाऱ्या एका मुठीवर थांबलं. "माझी कापडाची कात्री!"

तो कानकोंडा झाला. त्या कात्रीला घरात कुणाची हात लावायची टाप नव्हती. कागदाचा कपटाही त्या कात्रीने कापायचा नाही, असा दंडक. मध्यंतरी तिची धार गेली तेव्हा बायकोने घर डोक्यावर घेतलं होतं. आणि या पठ्ठ्याने साळसूद चेहऱ्याने सांगितलं होतं, "पुठ्ठा कापला गं, चुकलं."

"समोरचं थोडंसंच कापलं," तो पुटपुटला. "त्याशिवाय ती दिसतच नव्हती."

"दिसू नये म्हणूनच तर तिथं राहत होती ना ती?" बायकोचा आवाज खाली आला. "आणि पिल्लं?"

फोटो काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथे गेला होता. त्याने मोकळ्या केलेल्या वाटेनेच कुत्र्यांच्या पायांचे ठसे आत गेले होते. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बक्षीस जाहीर झालं तेव्हा तर तो पेढे खाल्ल्यासारखा हसला होता.

"कुत्री आली," तो म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

बायकोने काचेवरचं बोट काढून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात परीक्षक आले, मागोमाग वर्तमानपत्रवाले आणि शिकाऊ छायाचित्रकारांचा घोळका. परीक्षकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "हे आपले विजेते! काय हो, एवढं लाजरं जनावर, ते इतकं स्वच्छ कसं टिपलंत? जरा आमच्या या नव्या मंडळींना सांगा की."

त्याने फोटोकडे पाहिलं. बायको सरळ उभी राहिली होती. फोटोकडे पाठ करून, नेमकी त्या कोपऱ्यापुढे, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, जरा बाजूला होता का?" एक कॅमेरावाला म्हणाला. "फोटो झाकला जातोय."

ती हलली नाही. एकेकाच्या डोळ्यांत बघत तशीच उभी राहिली. तिच्या खांद्यावरून रानमांजरही बघत होती, तशीच, पिल्लांच्या पुढे उभी राहून.

सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होते.

"सरक गं," तो बायकोला म्हणाला. "दिसू दे त्यांना."