निबेची सवय

निबेला एकाच हाताची सवय लागते, म्हणून वकीलसाहेब आपलं लाडकं पेन कुणाला सहीपुरतंही देत नसत. तरी त्या सकाळी ते कागदावर खरखरलं.

“माझ्या पेनाला हात लावलास?” त्यांनी बायकोला दरडावलं.

“मला काय करायचंय तुमचं पेन?”

त्यांना ते पटलं नाही. पेन कपाटात बंद करून त्यांनी किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी ते आणखीच खरखरलं.

वैतागून त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. उभ्या आयुष्यात त्या हाताने त्यांनी साधी रेघही ओढली नव्हती. पण निब लोण्यासारखी चालली. अक्षर मोत्यासारखं उमटलं.

बायको मागून डोकावली.

“हं, आता आलं तुमचं नेहमीचं अक्षर. कालपासून उजव्या हाताने काय गिरगटत होतात?”