कोपऱ्याचा खांब

सुतार इलियास उस्तानं खांबाच्या बुंध्यात टोचा खुपसला. साबणाच्या वडीत जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"पुन्हा?" दारातून तुर्गुतनं विचारलं.

"पुन्हा."

उस्ता भिंतीला धरून उठला. मुदुर्नू गावातल्या निम्म्या लाकडी घरांना त्यानं टेकू दिले होते. आता त्याच्याच गुडघ्यांना टेकू हवा होता. या एका खांबापायी तो तिसऱ्यांदा आला होता. बाकी सांगाडा कसा खणखणीत! उभे खांब, तिरके आधार, मध्ये कच्च्या विटा. भूकंपातही घर जरा कुरकुरलं आणि गप्प बसलं. कुजायचा तो हाच खांब. हा गेला की गल्लीवर पुढे आलेली वरची खोली खाली येणार, आणि मग उरलेलं घर पाडायला सरकारी माणसं येणार.

कौलं त्यानं सकाळीच पाहिली होती. एक थेंब गळत नव्हता. भिंतीतल्या कपाटाआड न्हाणी होती, पण तिचं पाणी दुसऱ्या कोपऱ्यातून जात होतं.

"ही शेजारच्या लॉजवाल्याची करणी," तुर्गुत म्हणाला. "बाहेरून पाणी सोडतो मेला. घर पडलं की जागा त्याच्या घशात." तो अंकाराला राहायचा, सुट्टीत आला की आधी भिंतींवरून हात फिरवायचा. "आई, तुझा जीव आहे ना गं या घरात?"

मुनिरे चहाचे पेले घेऊन जिना चढून आली होती. धाप लागल्यामुळे ती आधी खिडकीखालच्या बैठकीवर टेकली. खिडकीतल्या कुंड्यांची माती भेगाळली होती. पायाशी तांब्याची झारी रिकामी पडली होती.

"हे उभं आहे तोवर मी कुठं जाणार, बाळा?" ती म्हणाली.

"ऐकलंत, उस्ता?" तुर्गुत म्हणाला. "माझ्याकडे लिफ्ट आहे, खोली रिकामी आहे. पण मी विषयच काढत नाही. बाबांचं घर आहे हे."

उस्तानं खोली टेकूवर तोलली, कुजका बुंधा कापून काढला आणि स्वतःच्या घरासाठी जपून ठेवलेलं चेस्टनटचं लाकूड तिथं बसवलं. लॉजवाल्याची खोड मोडावी म्हणून बाहेरून पत्राही ठोकला. काम संपलं तेव्हा पाठ नुसती ठणकत होती.

"आता निर्धास्त राहा, मुनिरेताई. आपल्या दोघांच्या हयातीत हे घर हलायचं नाही."

मुनिरेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुमचे हात शाबूत राहोत, उस्ता," ती कशीबशी म्हणाली. उस्तालाही भरून आलं. इतकी वर्षं हाडं झिजवली ती अशाच माणसांसाठी.

गल्लीच्या वळणावर त्याला आठवलं, ओळंबा वरच राहिला. तुर्गुतची गाडी एव्हाना अंकाराच्या वाटेला लागली होती. उस्ता धापा टाकत पुन्हा जिना चढला.

मुनिरे कोपऱ्यात गुडघे टेकून बसली होती. खांबाच्या तळाची फळी सरकवून ती नव्या बुंध्यावर झारी ओतत होती, अगदी सावकाश. चाहूल लागली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

"तुमचं लाकूड फार चांगलं असतं हो, उस्ता," ती म्हणाली. "या खेपेला किती वर्षं लागतील?"