कस्तुराची शीळ

याकोब मास्तर नगरला चर्चमधल्या मुलांना गाणी शिकवायचे. सेहेचाळीसच्या पावसाळ्यात ते बायकोला घेऊन हरिश्चंद्रगडावर पक्षी पाहायला गेले. तीन दिवस नुसतं धुकं, समोरचं झाड दिसेना. वाटाड्या चिंधू मात्र सारखा थांबवून पुटपुटायचा, "ऐका, कस्तूर पक्षी शीळ घालतोय."

मास्तर वैतागले. "कसली शीळ? फसवतोस काय आम्हाला? आणि जरा मोठ्यानं बोल!"

चिंधूही चिडला. "अवो, डोक्यावरच्या फांदीवर हाय की! बाईंना इचारा."

"सांग गं मरियम याला, येतंय का काही ऐकू?"

मरियमचे डोळे भरून आले. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"अहो, ईस्टरपासून मुलं बेसूर गाताहेत, आणि तुम्ही त्यांना शाबासकी देताय."