वेड्या बाभळीचा खोडवा

"अगं आई गं! पुन्हा?"

जया बांधावरच थबकली. महिन्यापूर्वी साफ केलेलं रान हिरवंगार झालं होतं. एकेका बुडख्यातून सहा-सहा फुटवे, हातभर उंच, आणि मेल्यांचे काटे आत्तापासूनच टोकदार.

तिचा नवरा गोरक्षनाथ मागून आला. चार दिवस घाम गाळून हे रान त्यानंच मोकळं केलं होतं. वेडी बाभूळ तेवढी ओळखून तोडली, बांधावरच्या गावठी बाभळीला धक्काही लावला नाही. तिसगावच्या बाजारात मोबाईलवर फोटो दाखवत फिरला होता गडी.

"पर तोड कशी हाय बघ," तो आत्ताही म्हणाला. "एक खुंट वर ऱ्हायला न्हाई. समदं जिमिनीबरोबर!"

जयानं कपाळावर हात मारला. "अवो, ऊस हाय का ह्यो? उसाला जिमिनीबरोबर तोडत्यात ते त्याच बुडातनं फुडल्या साली खोडवा चांगला फुटावा म्हनून. तुमी वेड्या बाभळीचा खोडवा धरलाय! मुळ्या खनून काढा, मुळ्या खनून काढा, सांगून घसा सुकला माझा."

पंधरा वर्षं कारखान्याला ऊस तोडून गोरक्षनाथच्या हाताला एकच वळण पडलेलं. बायकोचं ऐकायला कान मोकळे हवेत ना!

यंदा इथं ज्वारी पेरायची आणि ऊसतोडीला जायचंच नाही, असं दोघांचं ठरलं होतं. दरसाल दिवाळी झाली की त्यांच्या पोरीची, पाचवीतल्या संस्कृतीची, शाळा सुटायची. यंदा पोरगी वार्षिक परीक्षेला बसेल, असा शब्द जयानं शाळेतल्या बाईंना दिला होता. आणि पेरणी आठ दिवसांवर आली होती.

"परत तोडतो की. दोन दिसाचं काम."

"तोडा! तोडा अन् आनखी फुटवा! खताची गोनी आनू का?" तिला रडावं की ओरडावं कळेना. तिनं टिकाव उचलला आणि समोरच्या बुडख्यात घातला.

तेवढ्यात ऊसतोडीच्या मुकादमाचा फोन आला. गोरक्षनाथनं स्पीकर लावला.

"टोळी भरतोय. तुमचा एक कोयता धरू ना?"

नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीत माणसं अशीच मोजतात. गोरक्षनाथनं जयाकडे पाहिलं. तिनं मातीच्या हातानंच फोन ओढून घेतला.

"अर्धाच धरा, मुकादम. तोडनारा तेवढा न्या."