शेवटचं गवती घर

चाकणजवळच्या आपल्या गावातलं शेवटचं गवती घर वारसा म्हणून वाचवायचंच, असा हट्ट धरून पूनम तापमापक घेऊन आली होती. बाहेर एक्केचाळीस अंश, आत तेहतीस.

"धोंडीबाआजोबा, एवढं थंड घर पाडून स्लॅब कशाला टाकताय?"

बोलता बोलता तिची नजर छताकडे गेली. गवताखालच्या लाकडी रिपा एकमेकींपासून जेमतेम वीतभर अंतरावर होत्या.

"गवताला इतक्या जवळजवळ रिपा लागत नाहीत. या तर कौलांसाठीच्या."

"कौलंच घातली व्हती म्या. दुसऱ्याच दिशी समदी फोडली. तुमच्या वस्तीनं गवताखालीच ऱ्हायाचं, म्हनले."

"कोण म्हणाले?"

धोंडीबांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं.

"पयला दगड तुज्या आज्यानं मारला, पोरी."